शनिवारचा नमस्कार

योंगजाचा उजवा गुडघा सुजला तो गुरुवारी. शनिवारी नवऱ्याचा स्मृतिदिन. कोरियन घरात त्या दिवशी फोटोपुढे अन्न मांडतात आणि घरातले सगळे जमिनीवर गुडघे टेकून, पार खाली वाकून नमस्कार करतात. नवरा गेल्यापासून तिनं तो एकदाही चुकवला नव्हता. या वर्षी गुडघा दुमडेल की नाही, एवढाच प्रश्न होता.

शुक्रवारी ती एडिसनमधल्या फिजिओकडे गेली. तिथली नेत्रा अमेरिकेतच जन्मलेली, मराठी घरातली. गुडघा चाचपत तिनं विचारलं, "काल काय केलंत?"

"घर पुसलं."

"मॉपनं?"

"फडक्यानं. खाली बसून. मॉपनं कोपरे निघत नाहीत."

शेजारच्या खाटेवर शोभनाकाकू गुडघ्यावर बर्फाची पिशवी घेऊन पडल्या होत्या. दोघींची ओळख इथलीच, मोडक्यातोडक्या इंग्रजीतली. "बघ, मी सुनेला हेच सांगते," त्या म्हणाल्या. "मॉप म्हणजे घाण इकडून तिकडे फिरवायची नुसती."

"काकू, तुम्ही यांना चढवू नका."

नेत्रानं पुन्हा समजावलं. गुडघ्यातली गादी वयानं झिजते, बायकांची तर पुरुषांपेक्षा जास्त. वजन वाढलं, मांडीतली ताकद गेली, पूर्वी कधी मार बसला असला, की दुखणं लवकर येतं. त्यात जन्मभर उकिडवं बसून काम. "कोरियातल्या वयस्कर बायकांमध्ये हे फार दिसतं. तुम्ही एकट्या नाही."

ते योंगजाला ठाऊक होतं. तिची आई शेवटी शेवटी घरात बसूनच सरकायची. योंगजाही लहानपणी लसणाच्या शेतात उकिडवी बसली. लग्नानंतर दर हिवाळ्याआधी अंगणात बसून कोबी खारवला. अमेरिकेत आली ती नेल सलूनमध्ये, ठेंगण्या स्टुलावर, लोकांचे पाय मांडीवर घेऊन. नेत्रानं सांगितलेल्यातलं वजन तेवढं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. बाकी बहुतेक आलं होतं. तिनं उद्याच्या नमस्काराचं विचारलं.

"उद्या खुर्चीवर बसून नमस्कार करा," नेत्रा म्हणाली. "खाली वाकायचं नाही."

"खुर्चीवर पाहुणे बसतात."

"मी देवापुढे स्टुलावरच बसते," शोभनाकाकू म्हणाल्या. "देव काही बोलला नाही अजून."

"तो तुमचा देव. हा माझा नवरा. हा बोलायचा."

शनिवारी मिनहोनं, तिच्या मुलानं, कपाटावरचा बापाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. भात, मासा, फळं मांडली. मग न विचारता जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली.

"राहू दे ती, ओम्मा," तो आईला म्हणाला. "लागली तर लागली."

तिनं खुर्ची बाजूला सारली. टेबलाची कड धरून ती खाली जाऊ लागली. गुडघा अर्धा दुमडला आणि अडला. खालीही जाईना, वरही येईना. मिनहोनं मागून काखेत हात घालून तिला उचललं आणि खुर्चीत बसवलं. ती पुन्हा उठली नाही. हट्ट करायलाही अंगात काही लागतं.

मिनहो आणि त्याची बायको वाकली. तिनं बसल्या बसल्या हात जोडले, मान खाली घातली, वर केली.

फोटो अगदी समोर आला. दरवर्षी नमस्कारात तिला दिसायची ती जमीन. जमीन आजही लखलखत होती, कोपऱ्यांसकट. आणि फोटोच्या काचेवर धुळीचा थर होता. कपाटावर हात पोचेनासा होऊन बरीच वर्षं झाली होती.

"मिनहो."

"काय, ओम्मा?"

"फडकं आण. कोरडं."

त्यानं आणलं आणि स्वतःच पुसायला वाकला.

"इकडे दे."

त्यानं फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पुसायला सुरुवात केली, आधी कोपरे.