विहिरीवर मोडलेला शब्द

काल निपाणीत ट्रकवाल्याशी भाड्यावरून माझी जुंपली होती. त्यानं मालावरचा भिजलेला दोर सोडून माझ्या पायाशी टाकला. ओल्या दोराच्या त्या वासानं मला लहानपणची विहीर आठवली.

मी लहानपणी काडीसारखा होतो. भाकरी दिसली की तोंड फिरवायचो. "पवल्याबिगर ह्येला भूक लागायची न्हाय," म्हणत थोरले चुलते, आप्पा, मला पोहायला शिकवायला येळ्ळूरच्या मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. तरंगायला माझ्या पाठीला सुका भोपळा आणि कमरेला ओला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं. खाली पाणी काळंभोर होतं.

"आप्पा, आज नुसता पायरीवर बसतो. उडी उद्या मारतो," मी घासाघीस केली.

"व्हय, बस की रं," आप्पा म्हणाले. मी वळलो आणि त्यांनी मला ढकललं.

नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायला गेलो तर आणखी शिरलं. मेलो, असंच वाटलं. मग भोपळ्यानं वर उचललं आणि हातपाय आपोआप हलायला लागले.

काठावर आल्यावर मी रागारागानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. आप्पांनी मात्र भाकरीला हात लावला नाही, दोर अजून मुठीत घट्ट धरून बसले होते.

"लेका, मला तरी कुठं पवाय येतंय?" ते पुटपुटले.

दिलेला शब्द त्यांनी मोडला, तो राग मी अजून सोडलेला नाही. पण हल्ली ती विहीर आठवली की काठावर दोर धरून मीच उभा असतो, आणि पोर अजून वर आलेलं नसतं.