मामाचा डावा पाय

'पाय सडला' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जणू पायानंच ठरवलं आणि एका रात्रीत सडून मोकळा झाला. पाय असा आपला आपण सडत नाही. त्याला रक्त पोचत नाही, त्यात जंतू शिरतात, कोणी तो भाजतो, कोणी तो झाकून ठेवतो आणि कोणी समोर बसून चहा पितो. माझ्या मामाच्या डाव्या पायाच्या वेळी ही सगळी मंडळी हजर होती. चहा पिणारा मी होतो.

मी यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवतो. रोज लोहाऱ्याहून स्कूटरनं येतो, पांढरा कोट चढवतो आणि लोकांच्या अंगातून कापून काढलेले तुकडे मेणात बसवतो. मेणाचा ठोकळा यंत्रावर धरून कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचा, तो काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. निदान त्या करतात, पण अठरा वर्षं तेच तेच बघून माझाही डोळा तयार झाला आहे.

पेशी दोन तऱ्हांनी मरते, हे मला मॅडमनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी काचेवर दाखवलं होतं. एक मरण शिस्तीचं. आईच्या पोटात बाळाचा पंजा आधी सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. अशी पेशी आकसते, आपलं सामान छोट्या छोट्या पुड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. ना सूज, ना पू, ना दुखणं. तुमच्याआमच्या अंगात हे रोज चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसरं मरण मारल्याचं. रक्त अडलं, चटका बसला, जंतूंचं विष लागलं की पेशी फुगते, तिचं आवरण फाटतं आणि आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतं. मग सूज, लाली, पू, वास. ओळखायला सोपं असतं. काच रंगवली की जिवंत पेशीच्या पोटात निळा ठिपका दिसतो, तो तिचा गाभा. मेलेलीचा ठिपका आधी आकसून काळपट होतो, मग फुटतो, मग पुसला जातो आणि मागे नुसतं गुलाबी उरतं. निळं गेलं म्हणजे संपलं. तिथे कोणाचं औषध, कोणाचा नवस, कोणाचा बिब्बा चालत नाही.

मामा महागावजवळच्या एका गावात पायमशीनवर शिवणकाम करायचा. आमच्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून तीन वर्षं मी त्याच्याकडे शिकायला होतो. त्याच्या मशीनच्या टरटरीत मी पाढे पाठ केले. मशीनला तो लक्ष्मी मानायचा. तिला चप्पल लागू द्यायची नाही, हा त्याचा नेम, त्यामुळे दिवसभर अनवाणी पायांनी पायडल मारायचा. भोवती चिंध्या, दोरे, टाचण्या पडलेल्या असायच्या.

आमच्या भागात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पडतो. पुण्यामुंबईच्या माणसांना हे सांगितलं की ती हसतात. पण इकडे भाचा दारात आला की मामा वाकणारच, मग भाचा शेंबडा का असेना. मामी म्हणायची, एक भासा शंभर बामनाच्या बरोबर. मी अंगणात पळताना धडपडून मामाच्या पायांवर आपटलो, तर तो आधी मला उचलायचा, गुडघ्याची माती झटकायचा आणि मग माझ्या पाया पडून घ्यायचा. भाच्याचा हात मामाच्या पायाला लागला की पाप मामाच्या माथी. ते असं जागच्या जागी फेडून टाकायचं. मला त्याची गंमत वाटायची. पुढे नोकरी लागल्यावर गंमत गेली आणि थोडी ऐट आली, हेही कबूल करतो. पन्नाशीचा माणूस चार लोकांत आपल्यापुढे वाकतो, ते कोणाला आवडत नाही?

मामाला शुगर निघाली त्याला दहा वर्षं झाली. महागावला एक डॉक्टर होता. मामा दर महिन्याला जायचा, डॉक्टर कागदावर त्याच गोळ्या लिहायचा. त्याच्या दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्या'. म्हणजे मामा दहा वर्षं दर महिन्याला त्याच्यासमोर अनवाणी बसला आणि त्या शहाण्यानं एकदाही मान खाली घालून ते पाय पाहिले नाहीत. शुगर जुनी झाली की आधी पायाच्या नसा बधिर होतात, रक्ताच्या नळ्या अरुंद होतात. हे त्याला पुस्तकातून शिकवलं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं तरी मला माहीत होतं, मग त्याचं काय गेलं होतं?

परवाच्या दसऱ्याच्या आसपास मामाच्या डाव्या तळपायात टाचणी गेली. ती चार दिवस आत होती. मामी रात्री त्याच्या पायांवर पांघरूण घालायला गेली, तेव्हा तिला टाचणीचं डोकं चमकताना दिसलं. तिनं ती उपसली तरी मामाची झोप मोडली नाही. सकाळी मामानं गावभर सांगितलं, "चार दिवस टाचणी घेऊन मशीन चालोली म्या. मले समजलंसुद्धा नाही." लोकांनीही वाहवा केली. दुखत नाही म्हणजे पाय धोक्यात आहे, हे त्या वाहवा करणाऱ्यांत एकालाही सुचलं नाही. सगळ्यांना वाटलं, गडी कणखर आहे.

मग मामीनं बिब्बा काढला. बिब्बा म्हणजे जंगलातली काळी बी. सुईला टोचून दिव्यावर धरली की तिच्यातून तेल सुटतं आणि ते तेल कातडी जाळतं. काटा रुतला, टाच फुटली की इकडे गरम बिब्बा लावतात. चांगल्या पायाला बिब्बा टेकला की माणूस बोंबलतो आणि लावणारा हात मागे घेतो. सगळं मोजमाप त्या बोंबलण्यात असतं. मामा बोंबलला नाही. मामीला वाटलं अजून लागला नाही, म्हणून तिनं आणखी लावला. तीन दिवस लावला. मामीवर मी पुष्कळ चिडलो, आजही चिडतो, पण तिला कोणी सांगितलं होतं की या पायाला ओरडता येत नाही?

भाऊबीजेला आईला घेऊन मी मामाकडे गेलो. मामा मशीनजवळच्या खुर्चीत बसला होता, डाव्या पायाला जुन्या धोतराची पट्टी. मला बघून तो उठला, मशीनला धरून वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. तो वाकला तेव्हा मला वास आला. तो वास मला लॅबमुळे पाठ आहे. मी चुकणं शक्य नव्हतं.

"मामा, पाय दाखव."

"कायचा पाय? बरा हाये. मामीनं बिब्बा लावला."

"पाहू तं दे."

"तू भासा हायेस बापू. भाशानं मामाच्या पायाले हात लावू नाही. सणावाराचं कायले पाप देतं मले?"

"हात नाही लावत. नुसतं पाहतो."

"पाहाले वाकाच लागन ना तुले." असं म्हणून त्यानं पाय खुर्चीखाली ओढला. मामी चुलीजवळून म्हणाली, "राहू द्या बापू, भरून राह्यलं ते आता." आईनं मला डोळ्यांनी दटावलं आणि हळूच म्हणाली, "सणाच्या दिवशी त्याचं मन नको मोडू."

मी मामाचं मन मोडलं नाही. उद्या दवाखान्यात जा म्हटलं, तो हो म्हणाला. मी चहा प्यायलो, दोन करंज्या खाल्ल्या. तिथल्या तिथे त्याचा पाय धरून पट्टी सोडली असती, तर तो फार तर रडला असता, आठ दिवस माझ्याशी बोलला नसता. गावातल्या नर्सबाईंना हाक मारली असती तर त्यांना कोणतंही पाप आडवं येणार नव्हतं. त्यांचं घर तिसऱ्याच गल्लीत होतं. परत येताना आई गाडीत म्हणाली, "तुले किती मान देते तो," आणि मी 'हो' म्हणालो. या 'हो'साठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मामा दवाखान्यात गेला नाही. सोळाव्या दिवशी मामीचा फोन आला, की अंगठा काळा पडला आहे आणि ताप उतरत नाही. पुसदच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि लगेच यवतमाळला पाठवलं. इथल्या सर्जननं पाय दाबून पाहिला, नाडी शोधली, ती घोट्याला सापडली नाही. त्यानं पेननं गुडघ्याच्या खाली एक रेघ ओढली. मामा रेघेकडे बघत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एका पायानं मशीन चालते ना?" सर्जन म्हणाला, चालते. "मंग काढून टाका." मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला, मामाचाही. पाय कापून घ्यायला तो असा एका वाक्यात तयार झाला आणि भाच्याला दाखवायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पांढरा प्लास्टिकचा डबा आमच्या टेबलावर आला. वर वय लिहिलं होतं आणि 'डावा पाय'. मॅडमना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तू बाहेर जा, आज मी एकटी बघते." मी गेलो नाही. कापताना तुकडा घट्ट धरावा लागतो आणि ते माझं काम आहे. मी हातमोजे घातले आणि मामाच्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा, धडपडून नाही तर आपल्या मनानं, हात लावला. तळव्यावर पायडलच्या जाळीनं पाडलेले घट्टे होते. त्यांच्या मधोमध बिब्ब्याचा तपकिरी डाग आणि डागाच्या आत भोक. अंगठा कोळशासारखा. मॅडमनी अंगठ्याचा, तळव्याचा, घोट्याजवळच्या रक्ताच्या नळीचा असे तुकडे घेतले.

स्लाइड मीच बनवल्या. अंगठ्यात निळं काहीच नव्हतं, सगळं गुलाबी, रिकामं. तळव्यात मेलेल्या भागाच्या कडेला पूपेशींची गर्दी होती, आपल्याच अंगाचे शिपाई, लढून तिथेच मेलेले. नळीचं तोंड चुन्यानं आणि चरबीनं सुईच्या नेढ्याएवढं उरलं होतं. मी काच सरकवत सरकवत निळं कुठे सुरू होतं ते शोधत होतो. घोट्याजवळ ते सापडलं. छान, गोल, जिवंत ठिपके. ते मामाचेच होते आणि तेही डब्यात होते. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊबीजेला आला असता तर कदाचित अंगठ्यावर भागलं असतं." त्या खोटा धीर देत नाहीत, आणि त्या दिवशी तरी द्यायला हवा होता असं मला वाटलं.

दीड महिन्यानं मी गावी गेलो. मामा खाटेवर बसला होता, डाव्या गुडघ्याखाली पांढरी गुंडाळी, उजवा पाय लांब केलेला. मशीन झाकून ठेवली होती. आता जे काही शिवायचं ते या उजव्या पायावर, आणि या पायाच्या नळ्याही त्याच माणसाच्या होत्या. मला बघून तो खाटेवरून खाली वाकायला लागला. मी त्याचे हात धरले आणि म्हणालो, "बस झालं. आता मी पाय पाहणार. पाप लागलं तं लागू दे."

मामी म्हणाली, "बापू, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"मामी, तुम्ही मधात बोलू नका." इतक्या चढ्या आवाजात मी त्या घरात कधीच बोललो नव्हतो.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं हात जोडले आणि डोळे मिटले. मी खाली बसलो. टाच तळहातावर घेतली. बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, करंगळीच्या मुळाशी कातडी भेगाळली होती, पण कोरडी होती. घोट्यामागे नाडी शोधली, बारीक होती पण होती. अंगठ्यानं तळवा जागोजाग दाबला. मग पेनचं टोक टाचेपासून बोटांपर्यंत ओढलं, एकदा, दोनदा, जरा जोरानं. त्याचा पाय हलला नाही.

"पाह्यचं असन तं पाह्य लवकर," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "पण हात लावाच्या आंधी सांगजो बापू. मी देवाचं नाव घेतो."

माझे दोन्ही हात केव्हाचे त्याच्या पायावर होते.