दुसरी बाटली

जोडीला दुसरी वस्तू ठेवल्याशिवाय पहिलीवर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका लातुरात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शेजारचे सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. केस वाढवायचं तेल त्यांनी तीन महिने डोक्याच्या फक्त उजव्या अर्ध्यावर चोळलं. डावा अर्धा तुलनेला. दोन्हीकडे सारखंच टक्कल निघालं, तेव्हा शास्त्राचा विजय झाल्यासारखे ते मला कडकडून भेटले. डासांची नवी अगरबत्ती आली, ती स्वतःच्या खोलीत लावून बिनअगरबत्तीच्या खोलीत त्यांनी मला झोपवलं. मग माझ्या दंडावरचे फोड मोजून म्हणाले, "झकास! अगरबत्ती खरी हाय."

वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, छातीत कर्करोगाची गाठ निघाली, त्याच साली दुष्काळ पडला. टँकर दहा दिवसांनी येई. रांगेत घागरी ठेवून लोक उदगीरचा नवा जिल्हा होणार की न्हाई यावर भांडत. किमोनं केस गेलेल्या वहिनी रुमाल बांधून ओट्यावर बसत आणि विचारत, "जिल्हे दोन झाल्यावर टँकर बी दोन येतील का हो?"

सरांनी तोवर गच्चीवर कुंडीत एक चिनी औषधी झाड वाढवलं होतं. गल्ली त्याला चिनी तुळस म्हणे. अंघोळ सोडून ते पाणी सर त्याला घालत, त्यामुळे आम्ही त्यांच्याशी वाऱ्याची दिशा बघून बोलत असू. मुळांचा अर्क काढून तो ते प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकत. त्या पेशी पुण्याहून बर्फात आल्या होत्या. बाटल्या अर्थातच दोन: एकीत अर्क, दुसरी तशीच.

"पेशींना आधी आन् बायकोला नंतर? मला द्या की काढा करून," वहिनी म्हणत.

"बाटलीत तर फिनेलनं बी पेशी मरतात. तुला फिनेल पाजू का?"

"पाजा. तुमच्या चहापेक्षा बरंच लागंल."

पाणी फार जातं म्हणून कॉलेजनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद केलं. सरांनी औसा रोडवरच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचा कॅन आणला आणि पेशींचं खाद्य त्यात कालवलं. तिसऱ्या दिवशी अर्काच्या बाटलीत बघतात, तर एकही पेशी जिवंत नाही! डोक्याच्या दोन बाजू वेगळ्या धरणारा हा माणूस त्या दिवशी दुसरी बाटली न बघताच घरी पळत सुटला. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गल्लीदेखत मिठी मारली. अंघोळ न केलेल्या नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सरांनी दुसरी बाटली बघितली. तीही मेलेली. त्या कॅनमध्ये आधी बॅटरीचं ॲसिड होतं.

ते ओट्यावर येऊन उभे राहिले. मी भिंतीपलीकडे होतो, कान देऊन. खोटं कशाला बोलू?

"झाडानं न्हाई मारल्या गं. पाण्यानं मारल्या."

वहिनी म्हणाल्या, "लई शहाणे हाव तुम्ही. माझ्यापायी एक दिस तरी येडे झालात." आणि त्यांनी आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायला दिलं.

नव्या पेशी पावसाळ्यात आल्या. वहिनी उन्हाळ्यातच गेल्या होत्या. या वेळी पाणी चांगलं होतं. अर्काच्या बाटलीत बऱ्याच पेशी मेल्या. दुसरीत सगळ्या जिवंत.

हे सांगायला सर माझ्याकडे आले. कुंडी त्यांनी काखेत धरली होती, आणि ती का आणली हे त्यांनाही ठाऊक नसावं.

"काढा दिला असता, तर?"

मी म्हणालो, "सर, बाटली वेगळी, माणूस वेगळं. तुम्हीच सांगायचात."

"हाव, मीच." ते कुंडीतली माती बोटानं दाबत राहिले. "दिला असता अन् वाचली असती, तरी काढ्यानं वाचली का किमोनं, कसं कळलं असतं? न देऊन बघायला आणखी एक ती लागली असती. अन् ती तर एकच होती."