तक्त्यातला शेवटचा आकडा

आधी माझ्या घरमालकीणबाईंचं सांगतो. त्या तंजावरकडच्या मराठी, शाळेतून निवृत्त झालेल्या. तमिळ मुलखातल्या वेस्ट मांबलमची आमची अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. मी मिरजेचा, सातवीत शाळा सोडलेला. इथं नेमबाजीच्या क्लबात काडतुसं भरायचं काम मिळालं, तर बंदुकीच्या दारूच्या वजनांचं पुस्तक इंग्रजीत! अक्कांनी सहा महिने रोज संध्याकाळी ते माझ्याकडून वाचून घेतलं. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, मगच पुढं.

"जोरान वाच, तंबी. मनात वाचलं की चूक लपते." तंबी म्हणजे धाकटा भाऊ; मला त्या तसंच म्हणतात.

क्लबात मी अजून तसंच वाचतो. लोक हसतात. हसू देत.

परवा एक जुने सभासद आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. तमिळमध्ये म्हणाले, "याला जरा जोर पाहिजे. पुस्तकापेक्षा थोडी जास्त दारू घाल."

"नाही घालणार, सर."

"जुनं लोखंड आहे, दणकट. तुला काय कळतंय? शिकलास किती?"

नोकरी गेली तर गावाकडं काय तोंड दाखवू? पण पट्टी काढली, त्यांच्यासमोर पुस्तकातल्या तक्त्यात शेवटच्या आकड्याखाली धरली आणि ओरडल्यासारखंच वाचलं, "मॅक्सिमम. डू नॉट एक्सीड." मग काडतुसाची एक रिकामी पुंगळी टेबलावर ठेवली. मागच्या आठवड्यात ते बाहेरून जादा भरलेली काडतुसं घेऊन आले होते, त्यातली. उडवल्यावर फुगून रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये अशी घट्ट बसली होती की मलाच ठोकून काढावी लागली.

"सातवी शिकलोय, सर. एवढं वाचता येतं. पुढच्या वेळी सिलिंडर फुटेल. बोटं तुमची जातील."

ते तडक क्लबाच्या सचिवांकडं गेले. सचिव म्हणाले, "माफी माग आणि विषय संपव."

मी माफी मागितली नाही. भरणीच्या वहीत लिहून दिलं, सहीसकट: 'तक्त्यातल्या शेवटच्या आकड्याच्या वर मी भरणार नाही. काढायचं तर काढा.' अक्षर वाकडं आलं. सचिवांनी पुंगळी बराच वेळ फिरवून बघितली आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.

घरी सांगितलं तेव्हा अक्कांनी एवढंच विचारलं, "जोरान वाचलास ना?"

त्यांची नजर आता मंदावत चाललीय. एक दिवस ओळी दिसेनाशा होतील, तेव्हा त्यांचा पेपर मी वाचून दाखवीन, पट्टी धरून. पेपर तमिळ आहे, मला ती अक्षरं येत नाहीत. शिकेन.