न आलेल्या औषधाच्या डॉक्टर

डॉ. यमुना साळवे यांना मी पहिल्यांदा भेटलो तो भांडायच्या तयारीने. माझी मुलगी रेवती लहानपणापासून इन्सुलिनवर. शाळेत असतानाच तिला अंधुक दिसू लागले आणि जो तो आम्हालाच सुनावी, साखर सांभाळत नाही म्हणून. साखर तर सांभाळलेली होती. मी सभा-व्याख्यानांतून बोलणारा माणूस; बाईंच्या गंगापूर रोडच्या दवाखान्यातही सभेत बोलतो तसाच बोललो. बाईंनी मला पुरते बोलू दिले. मग माझ्या पत्नीला विचारले, "घरी काय काम करते ही?"

आमची फुलशेती. पत्नी म्हणाली, "कामात लक्षच नाही हिचं. पिवळ्या झेंडूच्या क्रेटमध्ये केशरी टाकते. मार्केटात बोलणी आम्ही खातो."

बाईंनी पेन खाली ठेवले. "रेवती, माझी साडी कशी आहे गं?"

"मळकी."

"अगं, आजच घडी मोडलीय," त्या हसल्या. पण पोरीला रंगच नीट दिसत नाहीत हे ताडून लगेच त्यांनी डोळ्यांच्या नसा तपासायला पाठवले, मग जनुकांची तपासणी झाली. निदान आले, वोल्फ्रॅम सिंड्रोम. मधुमेहाबरोबर दृष्टी आणि पुढे श्रवणही हिरावणारा अतिदुर्मीळ आनुवंशिक आजार. यात पोरीचा काही दोष नव्हता, हे तिच्या आईला बाईंनीच शांतपणे समजावले.

हा आजार माणसाला एकटे पाडतो. मधुमेहाच्या शिबिरात रेवती परकी, अंधांच्या वर्गातही परकीच. बाईही एकट्याच. "एका पेशंटसाठी एवढं वाचता?" असे सहकारी विचारत. त्या वाचत राहत.

जगात काही औषधांवर काम चालू आहे. दुसऱ्या आजारांवरच्या जुन्या गोळ्या पेशींवरचा ताण उतरवून डोळ्यांची नस वाचवतील का, हे तपासले जात आहे. ते कळताच मी धावलो. "गोळी दुकानात मिळते, डॉक्टर. लिहून द्या."

"मिळते. हिला ती उपयोगी पडेल, हे कोणी सिद्ध केलेलं नाही. अपाय झाला तर?"

"थांबता थांबता नजर चाललीय तिची."

"हो," त्या म्हणाल्या. गोळी मात्र त्यांनी लिहून दिली नाही.

आशेचा बाजार मांडणारे पावलोपावली भेटतात. बाईंनी तो मांडला नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे नमतो. मी निघताना त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला टाळ्या मिळतात. मला या आजाराचे पेशंट मिळवून द्या. चार घरं एकत्र आली, तर औषधाच्या चाचण्या करणारे आपल्याकडे वळून बघतील."

तेव्हापासून अंबडची कामगार सभा असो की देवळाली कॅम्पातले व्याख्यान, शेवटी मी विचारतो, मधुमेह असलेल्या कुणाच्या मुलाची नजर जातेय का? रात्री बाईंचा फोन येतो.

"कोणी भेटलं?"

"नाही."

"बरं. पुढच्या सभेत विचारा."

रेवतीला आता आमचे चेहरे ओळखू येत नाहीत. आवाजावरून ओळखते, तोवर ठीक.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत; त्यानिमित्त त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य इतरही चिंततील. माझे मागणे स्वार्थाचे आहे. संशोधन हळू चालते आणि या शहरात आमचे दुखणे जाणणारे दुसरे कोणी मला भेटलेले नाही. औषध येईल त्या दिवशी बाई आपल्या खुर्चीत असाव्यात. रेवतीसाठी तोवर उशीर झाला असेल, तरी तिच्यामागून येणाऱ्या पहिल्या मुलाला ते बाईंच्याच हातून मिळावे.