भावजींची लेझीम आणि पोलीस चेक

आमच्या धाकट्या भावजींच्या हातात लेझीम द्यावी आणि बघत राहावं. पण इथे कॅनडात, मिसिसागातल्या रविवारच्या मराठी शाळेत पोरांना शिकवायला या म्हटलं, की हा बाबा अंग चोरायचा. कधी ओव्हरटाइम, कधी पाठदुखी. एकदा मी भडकलेच. "आता काय अक्षत घेऊन बोलवायला येऊ?"

तेव्हा पोळी अर्धवट टाकून ते म्हणाले, "वहिनी, तिथे पोलीस चेक मागतात. नावावर गुन्हा नाही, असा पोलिसांचा कागद."

विंडसरला कॉलेजात असताना त्यांच्या खिशात गांजाची पुडी सापडली होती. घाबरून गुन्हा कबूल केला आणि सुटले. सुटले कसले, नावावर नोंद कायमची!

"अहो, आता तर गांजा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो!"

"मलाही वाटलं, कायदा बदलला म्हणजे माझंही पुसलं गेलं. तसं नसतं. अप्लाय करावं लागतं, म्हणे." पण विचारायचं कुणाला? आपल्यात एकाला विचारावं, तर संध्याकाळी ब्रॅम्प्टनपर्यंत बोभाटा. बिचारे एकटेच कुढत बसले होते. मला फार वाईट वाटलं.

मी लॅपटॉप ओढला. सरकारी साइटवर लिहिलं होतं: गांजा नुसता जवळ बाळगल्याचा गुन्हा असेल तर नोंद बाजूला काढायच्या अर्जाची फी माफ, शिक्षेनंतर काही वर्षं थांबण्याची अटही नाही. भावजींचा विश्वास बसेना. "सरकार फुकट करतंय? काहीतरी गोम असणार. एखादा एजंट गाठू या."

"फुकटच्या कामाला पैसे देऊन एजंट लावणारे आपणच!" मी म्हटलं.

कोर्टाचे कागद मात्र आपणच मिळवायचे होते. विंडसरच्या कोर्टापर्यंत गाडी मीच चालवली. खिडकीतल्या बाईने कागद दिले आणि हसून म्हणाली, "हॅव अ गुड वन." भावजी तिथेच खिळले. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं.

काही महिन्यांनी उत्तर आलं. नोंद बाजूला काढली होती. मग पोलीस चेकही कोरा आला आणि मी देवापुढे साखर ठेवली.

शाळेत भावजींनी तो कागद दोन्ही हातांनी पुढे केला. सेक्रेटरीबाईंनी वरवर नजर टाकून तो पिशवीत कोंबला आणि विचारलं, "आवाज मोठा आहे ना तुमचा? पोरं ऐकत नाहीत हो."

"बस, एवढंच?" भावजी म्हणाले.

"मग अजून काय हवंय? जा ना आत!"

भावजी आत गेले.