बुडाखालचं वजन

जळगावात राहून समुद्रावर जायची बोट बांधणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात, ते मी नऊ वर्षं ऐकलं. वरणगावच्या कारखान्यात फिटर होतो, लोखंडाशी हात बसलेला. तरुणपणी कोकणात एक शिडाची बोट पाहिली आणि ती डोक्यातून गेली नाही. निवृत्तीच्या आधीच नकाशे मागवले आणि मेहरूणच्या मोकळ्या प्लॉटवर अठ्ठावीस फुटी लोखंडी सांगाडा उभा केला. येणारा-जाणारा विचारायचा, "समुद्र कधी येतोय?" मी दात काढायचो आणि मनात शिव्या घालायचो.

त्या बोटीचा खरा जीव तिच्या बुडाखालच्या कण्यात होता. जुन्या घडणीच्या या बोटींना खाली पुढून मागपर्यंत लांब, खोल कणा असतो. त्यात मी चार उन्हाळे शिसं वितळवून ओतलं. वाऱ्याने बोट कितीही आडवी झाली तरी ते वजन तिला परत उभी करतं. ते नसेल तर समुद्रात पहिल्या दणक्याला ती पालथी पडणार. दिवाळीनंतर ट्रेलरवर घालून तिला किनाऱ्याला न्यायचं ठरलं होतं. साठी उलटल्यावर मला एवढं एकच हवं होतं.

माझा थोरला भाऊ, नाना, शिंदखेड्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. वेल्डिंग मला त्यानेच शिकवलं. तो एकदा बोटीखाली वाकून म्हणाला होता, "हाई इतलं वजन कसाले?" मी म्हणालो, "नाना, तुम्हाला नाही कळायचं ते." नकाशे कोळून प्यायलेला मी, दहावी नापास भावाला कशाला समजावत बसू?

माझ्या एकसष्टीच्या आधी बायको मला आठ दिवस धुळ्याला तिच्या बहिणीकडे घेऊन गेली. तीही कटात होती. परतलो तर सगळे मला थेट मेहरूणच्या तलावावर घेऊन गेले. माझी बोट पाण्यावर तरंगत होती, झेंडूच्या माळा घातलेली. टाळ्या पडल्या. मी मात्र पाणी जिथवर यायला हवं तिथे मारलेला लाल पट्टा बघत होतो. तो पाण्याच्या हातभर वर होता, म्हणजे बोट फार हलकी झाली होती.

"खालचा कणा कुठंय?" मी विचारलं.

नाना छाती फुगवून म्हणाला, "कापी टाकं. तुनी नाव बुडाले नको म्हनीसन. इतलं शिसं बुडखाले बांधीसन कोनी नाव पानीमा टाकस का?"

कापलेल्या जागी त्याने पत्रा मारून घेतला होता. जोड इतका सफाईदार की थेंब आत येत नव्हता. माझ्या सबंध बोटीत असा जोड नाही. शिसं भंगारात गेलं होतं आणि त्यातूनच पंगतीचा खर्च निघाला होता. भरीत आणि कळण्याची पुरी. तोवर ते कुठल्यातरी भट्टीत वितळलंही असेल. पुन्हा चार उन्हाळे ओतायला आता माझी कंबर नाही.

मला जेवणावर बसवलं. नाना शेजारी, अजून कौतुकाची वाट बघत. माझं डोकं सणकलं. पाण्याच्या बादलीत मी रिकामा लोटा सोडला, तो कलंडला. मग तळाशी मूठभर वाळू घालून पुन्हा सोडला. तो ताठ उभा राहिला. बोटाने ढकलला, झुकला, पुन्हा उभा. त्याला लागावं म्हणूनच केलं.

नानाने हातातली पुरी खाली ठेवली. लोटा त्याने स्वतः बोटाने ढकलून पाहिला. मग म्हणाला,

"मंग हाई तू माले पहिले काबर सांगं नही?"

नऊ वर्षांत हे सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता. त्याला समजायला एक लोटा पुरला.